समुद्रात शार्क दिसला म्हणून काइटसर्फिंग कॅन्सल करायचं का? भीती किती खरी आणि धोका नेमका कुठे

आमचं घर पिंप्राळ्यात. जळगावचा तो भाग, जिथे आषाढी एकादशीला रथ निघतो. इथून समुद्र बघायचा म्हटलं तर सुरतेकडे जा नाहीतर मुंबईकडे जा, रेल्वेत अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र काढावी लागते. त्यामुळे आमच्या फॅमिली ग्रुपवर शार्कवरून भांडण होईल असं कधी वाटलं नव्हतं. पण झालं.

झालं असं, की माझ्या भाच्याने आणि त्याच्या मित्राने गोव्यात मोरजीला तीन दिवसांचा काइटसर्फिंगचा कोर्स बुक केला. ॲडव्हान्स भरला, रील टाकली, सगळं झालं. त्याच दिवशी संध्याकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ड्रोनमधून घेतलेला. निळंशार पाणी, मोठ्या पतंगाच्या जोरावर फळीवरून सुसाट पळणारा एक माणूस आणि त्याच्या मागे पाण्याखाली लांबट काळी सावली. खाली लिहिलेलं, "कोकण किनारपट्टीवर शार्कचा सुळसुळाट, सर्वांपर्यंत पोहोचवा." पाच मिनिटांत ताईचा फोन. "भाऊ, तू सांग बरं त्याला, जाऊ नको म्हणून. तुझंच ऐकतो तो."

मी व्हिडिओ थांबवला, एक फ्रेम कापली आणि गुगल लेन्समध्ये टाकली. व्हिडिओ परदेशातला निघाला आणि तोही जुना. खरं तर लेन्सचीसुद्धा गरज नव्हती. ज्याने एकदा मालवण नाहीतर अलिबाग बघितलंय त्याला कळतं, आपल्या किनाऱ्याजवळचं पाणी इतकं काचेसारखं नसतं.

शार्कच्या बाबतीत हा प्रकार जुना आहे. दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात कयाकमधून चाललेल्या माणसाच्या मागे ग्रेट व्हाइट शार्क लागलाय, असा थॉमस पेशाक या फोटोग्राफरचा एक प्रसिद्ध फोटो आहे. तो फोटो शंभर टक्के खरा. पण त्यातला शार्क कुणीतरी कापून घेतला आणि पाण्याखाली गेलेल्या रस्त्याच्या फोटोवर चिकटवला. २०११ मध्ये तो पोर्तो रिकोच्या पुराचा म्हणून फिरला, २०१७ मध्ये ह्युस्टनच्या पुराचा म्हणून फिरला. गंमत म्हणजे २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान चक्रीवादळ आलं, तेव्हा फोर्ट मायर्सला पुराच्या पाण्यात शार्कसारखा मासा पोहतानाचा व्हिडिओ आला. लोकांनी आधीच्या अनुभवावरून तो फेक ठरवला आणि तो निघाला खरा.

म्हणजे व्हिडिओ खोटा निघाला म्हणून विषय संपत नाही. ताईचा प्रश्न रास्तच होता. वाऱ्यावर पळणारे हे दोन खेळ, विंडसर्फिंग आणि काइटसर्फिंग, खेळणाऱ्यांना शार्कचा धोका असतो का? आपल्या किनाऱ्यावर असतो का?

आधी हे दोन खेळ काय आहेत ते बघू

विंडसर्फिंगमध्ये फळीलाच शीड बसवलेलं असतं. शिडाची काठी फळीला अशा सांध्याने जोडलेली असते, की ती कुठल्याही दिशेला कलते. तुम्ही उभं राहून शीड हाताने धरायचं आणि वारा पकडायचा. १९८४ पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. भारताच्या ईबाद अलीने हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये, २०२३ साली, यातच ब्राँझ मेडल आणलं. गोव्याचे डेन आणि कात्या कुएल्हो हे भाऊबहीणही या खेळात देशाकडून उतरलेत.

काइटसर्फिंगमध्ये शीड नाही, पतंग. तोही साधासुधा नाही. हवा भरलेला, चांगला खोलीएवढा, वीसेक मीटर लांब दोऱ्यांनी कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला. पायाखाली छोटी फळी. संक्रांतीला आपण पतंग उडवतो, इथे पतंग आपल्याला उडवतो. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला तो पॅरिस २०२४ ला, शर्यती झाल्या मार्सेलच्या समुद्रात. आपल्याकडे गोव्यात मोरजी आणि आश्वे या पट्ट्यात तो शिकवतात, साधारण हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत, दुपारचा वारा सुटला की.

शार्कच्या हिशोबाने या दोन्ही खेळांत एक गोष्ट महत्त्वाची आहे. जोवर तुम्ही पळताय, तोवर तुम्ही पाण्याच्या वर असता आणि ताशी वीस-तीस किलोमीटरचा वेग सहज असतो. शार्क बहुतेक वेळ संथ फिरत असतो. साध्या सर्फिंगमध्ये माणूस फळीवर पालथा पडून, हातपाय पाण्यात सोडून लाटेची वाट बघत बसतो, तसं इथे होत नाही. प्रश्न येतो तो पडल्यावर. पतंग पाण्यात पडला, फळी पायातून सुटली, की ती परत मिळवायला पतंगाच्या ओढीने पाण्यातून अंग ओढत जावं लागतं. नवशिक्याचे पहिले दोन दिवस तर पाण्यातच जातात.

आता आकडे

अमेरिकेतल्या फ्लोरिडा म्युझियममध्ये जगभरातल्या शार्कच्या हल्ल्यांची एक नोंदवही ठेवलेली आहे. इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल तिचं नाव, काम १९५८ पासून चालू. ती मंडळी हल्ल्याचे दोन भाग करतात. माणसाने शार्कला डिवचलं, जाळ्यातून काढताना हात घातला, खायला दिलं, तर तो 'डिवचल्यामुळे' झालेला चावा. माणूस आपला आपण पाण्यात होता आणि शार्क आला, तर तो न डिवचता झालेला.

२०२३ मध्ये जगभरात न डिवचता झालेले चावे होते ६९, त्यात १० मृत्यू. २०२४ मध्ये चावे ४७ आणि मृत्यू ४. हे अख्ख्या जगाचे, वर्षभराचे आकडे आहेत. यात फळीवरच्या सगळ्या खेळांचा वाटा मोठा असतो, २०२४ मध्ये साधारण एक तृतीयांश होता. पण त्यातही मुख्य भरणा साध्या सर्फिंगवाल्यांचा.

काइटसर्फरच्या बाबतीत काहीच झालेलं नाही असं मात्र नाही. ३ फेब्रुवारी २०१० ला फ्लोरिडातल्या स्टुअर्टजवळ एक काइटसर्फर किनाऱ्यापासून काहीशे मीटर आत शार्कच्या हल्ल्यात सापडला. त्याचा पतंग पाण्यात पडलेला होता. लाइफगार्डला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं, तो बोर्डवरून वल्हवत गेला आणि त्याला किनाऱ्यावर घेऊन आला. पण तो वाचला नाही. या घटनेत शार्कशिवाय अजून तीन गोष्टी आहेत. किनाऱ्यापासूनचं अंतर, पडलेला पतंग आणि मदत पोहोचायला लागलेला वेळ. या तीन गोष्टींकडे पुन्हा येऊ, कारण शार्क नसला तरी त्याच माणूस मारतात.

आणि भीती बाळगायलाच हवी अशी एक जागा आपल्याच हिंदी महासागरात आहे. मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं फ्रान्सच्या ताब्यातलं बेट आहे. एकेकाळी सर्फिंगवाल्यांची पंढरी. २०११ पासून तिथे बुल शार्क आणि टायगर शार्कच्या हल्ल्यांची मालिका लागली आणि २०१९ पर्यंत ११ जण गेले. इतक्या छोट्या बेटासाठी हा आकडा भयंकर आहे. २०१३ मध्ये तिथल्या प्रशासनाने प्रवाळाच्या आतलं सुरक्षित पाणी आणि देखरेखीच्या जागा सोडून बाकी किनाऱ्यावर पोहणं आणि सर्फिंग बंदच करून टाकलं. म्हणून "शार्क काही करत नाही हो" असं सरसकट म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. कुठला किनारा, कुठला शार्क, किती वाजता, पाणी कसं, यावर सगळं ठरतं.

मग आपल्याकडे काय?

पहिली गोष्ट, आपल्या किनाऱ्यावर शार्क आहेत. नेहमीच होते. कोकणात त्याला मुशी म्हणतात, मोरी म्हणतात आणि मसाला घालून खातातही. बाजारात बहुतेक वेळा दिसते ती हातभर-दोन हात लांबीची लहान मुशी. 'जॉज' सिनेमातला ग्रेट व्हाइट हा जरा थंड पाण्याचा गडी, आपल्या किनाऱ्यावर त्याची धास्ती घेण्याचं कारण नाही. १९७५ च्या त्या सिनेमाने जगाला शार्कची दहशत बसवली आणि ज्या कादंबरीवर तो निघाला तिचा लेखक पीटर बेंचली पुढे उरलेलं आयुष्य शार्क वाचवा म्हणून सांगत फिरला, हाही एक किस्साच.

मोठा शार्क दिसला म्हणून जे खरे व्हिडिओ आपल्या किनाऱ्यावरून येतात, त्यात पुष्कळदा व्हेल शार्क असतो. जगातला सगळ्यात मोठा मासा. बारा मीटरपर्यंत आणि त्याहूनही लांब. अंगावर पांढरे ठिपके. खातो काय, तर पाण्यातले सूक्ष्म जीव आणि बारीक मासळी, तोंड उघडं ठेवून गाळून. माणसाला त्याच्यापासून धोका नाही, माणसापासून त्याला आहे. २००१ पासून त्याला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. जाळ्यात अडकला तर मच्छीमार जाळं कापून सोडून देतात आणि त्या जाळ्याची भरपाई म्हणून महाराष्ट्र सरकार २५ हजार रुपयांपर्यंत देतं.

पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात जे झालं ते वेगळं होतं. मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारीला उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. इजा अतिशय गंभीर होती. नंतर तो मासा मेलेला सापडला. तो बुल शार्क होता, मादी होती आणि तिच्या पोटात पिल्लं होती.

मनोर हे गाव उघड्या समुद्रावर नाही, बरंच आत आहे. मुंबई-अहमदाबाद हायवेवरून जाणाऱ्यांना माहीत असेल. मग शार्क तिथे आला कसा? बुल शार्कची खासियतच ती आहे. बहुतेक शार्कना खारं पाणीच लागतं. बुल शार्क मात्र अंगातलं मीठ धरून ठेवू शकतो आणि त्यामुळे गोड्या पाण्यात राहू शकतो. माद्या पिल्लं घालायला मुद्दाम खाडीच्या तोंडाशी, निमखाऱ्या गढूळ पाण्यात येतात, कारण तिथे मोठ्या शार्कपासून पिल्लं वाचतात. अमेरिकेत १९३७ मध्ये एक बुल शार्क मिसिसिपी नदीतून हजाराहून जास्त किलोमीटर आत, पार इलिनॉय राज्यातल्या ॲल्टनपर्यंत गेला होता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ पुराच्या पाण्याबरोबर काही बुल शार्क एका गोल्फ कोर्सच्या तळ्यात शिरले आणि कित्येक वर्षं तिथेच राहिले. गोल्फचा चेंडू पाण्यात पडला तर कुणी काढायला जात नसे.

हे मी ग्रुपवर टाकलं आणि पुढचा प्रश्न आलाच. "मग तापीतून वर येईल का रे? गिरणेत?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तापी खंबातच्या आखाताकडे जाते, गिरणा तापीला मिळते, पाण्याची वाट सलग आहे. पण वाटेत गुजरातमध्ये काकरापारचा बंधारा आणि उकाईचं अवाढव्य धरण आहे. त्याच्या वर पुन्हा प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे असे बॅरेज. सुरतेच्या खाडीपासून भुसावळपर्यंत यायला माशाला पंख लागतील. तेव्हा कानळद्याला गिरणेत पाय सोडून बसायला हरकत नाही.

वैतरणेच्या घटनेतून किनाऱ्यावर खेळणाऱ्याने घ्यायचा मुद्दा साधा आहे. खाडीचं तोंड, गढूळ पाणी, संध्याकाळची वेळ आणि आजूबाजूला मासेमारी चालू, हे सगळं एकत्र असेल तर तिथे पाण्यात लोळत पडू नका. गढूळ पाण्यात शार्कला नीट दिसत नाही, तो हालचालीवरून, वासावरून आणि जवळ आल्यावर अंगातून येणाऱ्या अगदी बारीक विजेच्या संकेतांवरून अंदाज घेतो. त्याच्या नाकाडावर त्यासाठी खास छिद्रं असतात. अंदाज चुकला तर तो चावून बघतो. बऱ्याचदा चावून सोडूनही देतो. पण तो 'बघणं' आपल्याला पायाच्या किमतीला पडू शकतं.

दिसणं वेगळं, चावणं वेगळं

हल्ली शार्क जास्त दिसतात, कारण बघणारे डोळे वाढलेत. पूर्वी पाण्यातल्या माणसाला आपल्या खालून काय गेलं ते कळत नव्हतं. आता वर ड्रोन आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या लाँग बीच इथल्या शार्क लॅबने दोन वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियाच्या २६ किनाऱ्यांवर ड्रोन उडवले आणि २०२३ मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला. ज्या दोन जागी लहान वयाचे ग्रेट व्हाइट गोळा होतात, तिथे पाहणीच्या ९७ टक्के दिवशी शार्क आणि माणसं एकमेकांच्या जवळपास पाण्यात होती. लोक सर्फिंग करत होते, पोहत होते, त्यांना पत्ताही नव्हता. शार्क शेजारून निघून जात होते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात तर शार्कच्या अंगावर ट्रान्समीटर बसवलेत. असा शार्क किनाऱ्याजवळच्या यंत्राच्या टप्प्यात आला की आपोआप ट्विट पडायचं, अमुक बीचजवळ अमुक जातीचा शार्क. २०१३ च्या सुमारास हे सुरू झालं. आता त्याचं ॲप आहे. पर्थला राहणारी आपली मराठी मंडळी बीचवर निघताना वाऱ्यापावसासारखंच तेही बघून घेतात. आपल्याकडे अशी सोय नाही, म्हणून आपल्याकडे तेच काम व्हॉट्सॲप फॉरवर्ड करतो आणि अर्थातच वाईट करतो.

बाजारात शार्कला पळवून लावणारी यंत्रंही मिळतात. चुंबकाचे पट्टे, वासाचं मेण, विजेचे झटके. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये सर्फरसाठीची अशी पाच उपकरणं ग्रेट व्हाइटवर तपासली. विजेवर चालणाऱ्या एकाच उपकरणाने मोठा फरक पडला, आमिष खाल्लं जाण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आलं. बाकीच्यांनी फार काही केलं नाही. म्हणजे सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा दहापैकी चार वेळा फेल. गोव्यात तीन दिवसांसाठी जाणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत असं माझं मत.

एक कामाची गोष्ट, जी मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर दहादा उपयोगी पडेल. पाण्यावर पंख दिसला की आरडाओरडा करण्याआधी तो कसा हलतोय ते बघा. डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतो, त्यामुळे त्याचा पंख गोलाकार वर येऊन पुन्हा खाली जातो, लाट उलटल्यासारखा. शार्कचा पंख आला तर सरळ रेषेत सरकतो आणि त्याच्या मागे शेपटीचं टोक डावी-उजवीकडे हलताना दिसतं. आपल्या किनाऱ्यावर दिसणारे बहुतेक पंख डॉल्फिनचे असतात.

मग माणसं मरतात कशाने?

इथे मात्र मला ताईच्या भीतीची दिशा बदलावीशी वाटली. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले ८ जण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोघं गेले. यातल्या एकाही ठिकाणी शार्क नव्हता. भारतात दरवर्षी ३५ हजारांहून जास्त माणसं पाण्यात बुडून जातात, त्यात विहिरी, नद्या, तलाव सगळं आलं. मेहरूण तलावावर किंवा गिरणेच्या डोहावर अशी बातमी ऐकली नाही असं एखादं वर्ष जळगावकरांनी सांगावं.

वाऱ्याच्या खेळात तर बुडण्याच्या आधी वाहून जाण्याचा धोका असतो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो. आठवा. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो, तो खारा. रात्री आणि पहाटे उलटं, जमिनीकडून समुद्राकडे, तो मतलई. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न होता. काइटसर्फिंगमध्ये त्यावर जीव अवलंबून असतो.

खारा वारा असेल आणि तुमचं काही बिनसलं, पतंग पडला, दोरा गुंतला, दम संपला, तरी वारा तुम्हाला हळूहळू किनाऱ्याकडेच ढकलतो. लाज जाते, जीव जात नाही. मतलई वाऱ्यात हेच सगळं झालं तर वारा तुम्हाला अरबी समुद्रात घेऊन जातो. फसवा असा, की किनाऱ्यालगत मतलई वाऱ्यात पाणी अगदी सपाट, तळ्यासारखं दिसतं. नवख्याला वाटतं, वा, आज समुद्र शांत आहे. किनाऱ्याला समांतर किंवा जरासा तिरका किनाऱ्याकडे येणारा वारा सगळ्यात चांगला मानतात. गोव्यात दुपारी जो वायव्येचा वारा लागतो तो साधारण असाच असतो, म्हणूनच तिथे हा खेळ रुजला.

दुसरा धोका झटक्याचा. अचानक वाऱ्याचा जोर वाढला तर पतंग माणसाला उचलून किनाऱ्यावरच्या खडकावर, झाडावर, भिंतीवर आपटू शकतो. म्हणून प्रत्येक पट्ट्याला एक झटपट सुटका देणारा खटका असतो. तो ओढला की पतंगाची ताकद एकदम जाते. हा खटका डोळे मिटून, डोक्यावरून पाणी जात असताना, दोन्हीपैकी कुठल्याही हाताने ओढता आला पाहिजे. पहिल्या दिवशी जमिनीवर हेच घोटून घेत नसतील तर त्या क्लासमधून सरळ उठून या.

आणि काही बिनसलंच तर विंडसर्फरने फळी सोडायची नाही. फळी तरंगते, लांबून दिसते, तिच्यावर पाय वर घेऊन बसता येतं. फळी सोडून पोहत किनारा गाठायला गेलेला माणूस लाटांमध्ये कुणाला दिसत नाही. काइटसर्फरने पतंगाची हवा भरलेली नळी धरायची, तीच त्याची होडी.

फ्लोरिडातल्या त्या घटनेतल्या तीन गोष्टी इथे परत येतात. किनाऱ्यापासून फार आत जाऊ नका, पतंग पडल्यावर काय करायचं ते आधी शिका आणि एकट्याने पाण्यात उतरू नका. शार्कसाठीचा नियम आणि बुडण्यासाठीचा नियम एकच निघाला, म्हणजे पाठ करायलाही सोपं.

दंश होईल तर तो कुणाचा?

आपल्या किनाऱ्यावर पाण्यातल्या जिवाने माणसाला इजा करायची झाली तर शार्कच्या कितीतरी आधी नंबर लागतो पाकटाचा आणि जेलीफिशचा. पाकट म्हणजे चपटा, पंख्यासारखा मासा, शेपटीवर विषारी काटा. शार्कचा चुलतभाऊच. २०१३ च्या गणपती विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर डझनावारी भाविकांना पाकटांनी डंख मारले होते आणि तेव्हापासून मुंबईत विसर्जनाच्या वेळी याच्या सूचना निघतात. पाकट उथळ पाण्यात वाळूत दडून बसतो. त्याच्यावर पाय पडला तरच तो मारतो. म्हणून फळी घेऊन पाण्यात जाताना पाय उचलून टाकत चालू नका, वाळूवर घासत चला. पाय घासण्याची चाहूल लागली की तो स्वतःच निघून जातो. डंख झालाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. काटा खोल घुसला असेल तर उपटायचा नाही.

आता समजा खरंच शार्क दिसला. मोठा, ठिपके नसलेला, जवळ. तर पाणी बडवू नका. पतंग हवेत असेल तर फळीवर चढून शांतपणे किनाऱ्याची वाट धरा, कारण तुमच्याकडे वेग आहे. पाण्यात असाल तर त्याच्याकडे तोंड करून, फळी मध्ये धरून मागे सरका. चावा झालाच तर माणूस बहुतेकदा रक्त गेल्याने दगावतो, म्हणून किनाऱ्यावर आणल्या आणल्या जखमेवर जोरात दाब द्यायचा, हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर पट्टा नाहीतर ओढणी करकचून आवळायची आणि हॉस्पिटल. तोंडात पाणी घालत, व्हिडिओ काढत बसायचं नाही. समुद्रात कुणी अडकलं तर कोस्ट गार्डचा नंबर १५५४, एरवी ११२. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एखादा शार्क, डॉल्फिन, कासव अडकलेलं दिसलं तर वनविभागाचा १९२६.

अडकलेलं दिसलं तर कळवा असं म्हणतोय त्यालाही कारण आहे. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १९७० पासून खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली. जगात सगळ्यात जास्त शार्क पकडणाऱ्या देशांत आपला नंबर बराच वर लागतो. ज्या व्हिडिओमुळे आमच्या ग्रुपवर रान पेटलं, त्यात 'सुळसुळाट' हा शब्द होता, तेवढ्यासाठी हे सांगितलं.

भाच्याचं काय झालं ते राहिलं. त्याला म्हटलं, शार्कचं सोड, क्लासवाल्याला फोन लाव आणि विचार. शिकवणाऱ्याकडे कुठलं सर्टिफिकेट आहे? एका वेळी एका माणसाकडे किती पोरं? रेस्क्यूची बोट पाण्यात असते का नुसती किनाऱ्यावर उभी? हेल्मेट आणि लाइफ जॅकेट त्यांचं का आपलं? कुठल्या वाऱ्यात क्लास बंद ठेवता? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "आम्ही कधीच बंद ठेवत नाही" असं जो म्हणेल त्याच्याकडे जायचं नाही.

त्याने स्पीकरवर फोन लावला. समोरच्याने सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली आणि मग उलट विचारलं, "तुला खोल पाण्यात न थांबता दोनशे मीटर पोहता येतं का?" भाचा गप्प. त्याचं सगळं पोहणं म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतला टँक, तोही कडेला धरून धरून. समोरच्याने तारीख महिनाभर पुढे ढकलून दिली, पैसे कापले नाहीत.

सध्या तो रोज सकाळी सहाला टँकवर जातो. पंचवीस मीटरच्या पाच चकरा न थांबता होतात, आठ व्हायला पाहिजेत. ताईने आता टँकच्या पाण्यात क्लोरीन किती टाकतात त्याचा एक व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय.